फेस्टिव्हल संपल्यावर त्या जागेचं काय? नांतचा बिस्किट कारखाना, जपानच्या बंद शाळा आणि आपलं जुनं जीएमसी

डिसेंबरमध्ये पणजीला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हलला गेलेली माणसं परत आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, एवढी मस्त जागा आहे जुन्या जीएमसीची (म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची), मग वर्षभर का नाही असंच काहीतरी चालू ठेवत? कोचीचं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, बघून आलेलेही हेच विचारतात, आणि मुंबईत २०१७ मध्ये ससून डॉकला जे आर्ट प्रोजेक्ट झालं होतं ते बघितलेलेही हेच विचारत होते. प्रश्न अगदी बरोबर आहे. पण त्याचं उत्तर "सरकारची इच्छा नाही" एवढ्यावर संपत नाही, जगात काही ठिकाणी हे खरोखर जमलंय, आणि ते कसं जमलं हे नीट बघितलं की आपलं गाडं कुठे अडतं ते आपोआप कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण फ्रान्समधल्या नांत शहराचं आहे. तिथे एलयू नावाच्या बिस्किट कंपनीचा मोठा कारखाना होता, शहराच्या अगदी मध्यात, राजवाड्याजवळ. कंपनीचं पूर्ण नाव लफेव्र-युतिल, त्यांचं पेटी बर बिस्किट १८८६ पासूनचं. शंभर वर्षांनी म्हणजे १९८६ मध्ये कंपनीने तिथलं उत्पादन शहराबाहेर नेलं आणि कारखाना ओस पडला. पुढच्याच वर्षी शहरातला जहाज बांधायचा मोठा कारखानाही बंद झाला. म्हणजे लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि शहराच्या मधोमध मोठमोठ्या रिकाम्या इमारती उरल्या, गिरण्या बंद झाल्यावर परळ-लालबागला जे झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९९० मध्ये ज्यां ब्लेझ नावाच्या माणसाने तिथे एक फेस्टिव्हल सुरू केला, लेझाल्युमे. कल्पना अशी की सहा वर्षं, दरवर्षी सहा रात्री, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, आणि दरवर्षी जगातलं एक वेगळं शहर पाहुणं. बार्सिलोना झालं, सेंट पीटर्सबर्ग झालं, ब्युनोस आयर्स, नेपल्स, कैरो झालं, सहाव्या वर्षी हवाना ठरलं होतं पण क्युबाने आपल्या कलाकारांना येऊ दिलं नाही आणि ते वर्ष रद्दच झालं. कार्यक्रम नाट्यगृहांपुरते ठेवले नव्हते, शहरभर रिकाम्या पडलेल्या जागा उघडल्या होत्या, आणि त्यातलाच एक हा बिस्किट कारखाना. जिथे आजी-आजोबांनी नोकरी केली तिथे आता नातवंडं रात्रभर गाणं ऐकायला यायला लागली.

आता इथे महत्त्वाची गोष्ट ही की त्यांनी घाई केली नाही. नगरपालिकेने इमारत विकत घेतली, पण लगेच करोडो ओतून चकाचक सेंटर उभं केलं नाही. नव्वदीच्या शेवटी त्याच टीमने त्याच कारखान्यात दुसरा एक फेस्टिव्हल भरवला, त्यामुळे हिवाळ्यात थंडी कुठून शिरते, आवाज कुठे घुमतो, लोक आपणहून कुठे थांबतात, गर्दी कुठल्या दाराशी अडते हे सगळं आर्किटेक्टने रेघ मारायच्या आधी माहीत होतं. मग पात्रिक बुशँ या आर्किटेक्टला काम दिलं आणि त्यानेही जुन्या भिंती लपवल्या नाहीत, खर्च कमीत कमी, जुनं जसं आहे तसं. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री ते सेंटर उघडलं, नाव ल ल्यू युनिक, आणि आजही चालू आहे.

त्यात काय काय आहे ते वाचून मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं. नाटकाचा हॉल आणि प्रदर्शनाची जागा हे आपण धरूनच चालतो, पण तिथे बार आहे, रेस्टॉरंट आहे, पुस्तकांचं दुकान आहे, तळघरात हमाम म्हणजे वाफेच्या आंघोळीची जागा आहे, आणि लहान मुलांचं पाळणाघर आहे. मला सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते ती पाळणाघराची. प्रदर्शन बघायला माणूस वर्षातून दोनदा येईल, पण पोराला सोडायला आणि न्यायला आई-बाप रोज येतात, महिनाभरात वॉचमनशी ओळख होते, भिंतीवरचं पोस्टर नजरेखालून जातं, एखाद्या शुक्रवारी आत काय वाजतंय म्हणून डोकावलं जातं. "हे कलावाल्यांचं आहे, आपलं नाही" ही जी दारातली भीती असते ना, ती अशीच जाते, आमंत्रणपत्रिकेने जात नाही.

आणखी एक केलं त्यांनी. उघडायच्या वेळी शहरातल्या लोकांना सांगितलं, तुमच्या घरातली एक वस्तू आणून द्या, या शतकाची आठवण म्हणून. ११,८५५ वस्तू जमल्या, त्या डब्यांत सीलबंद करून इमारतीतच ठेवल्या आहेत आणि १ जानेवारी २१०० ला उघडणार. आता विचार करा, ज्या इमारतीत हजारो घरांची एकेक वस्तू २१०० सालापर्यंत ठेवलीये ती पाडायचा किंवा मॉलला द्यायचा ठराव आणायला कुठल्या नगरसेवकाची हिंमत होईल?

बरं, आता मूळ मुद्द्यावर येते. माझं म्हणणं एवढंच आहे की फेस्टिव्हलची जागा कायमची होते ती इमारत सुंदर आहे म्हणून नाही. रोज तिथे यायला साध्या माणसाला काहीतरी कारण पाहिजे, त्या जागेची जबाबदारी कागदावर कुणाच्या तरी नावाने पाहिजे, आणि उद्घाटन झाल्यानंतरच्या वर्षांचे पैसे आधीच ठरलेले पाहिजेत. यातलं एक जरी नसलं तरी दोन-तीन वर्षांत परत कुलूप. एकेक बघू.

पैशाचं आधी, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. इमारत दुरुस्त करायला पैसे मिळतात, खरंच मिळतात. सरकारला फीत कापता येते, कंपनीला पाटी लावता येते. कंपनी कायद्याच्या सातव्या शेड्यूलमध्ये सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चासाठी, जी यादी आहे तिच्यात वारसा, कला, संस्कृती, ऐतिहासिक इमारतींची दुरुस्ती, सार्वजनिक वाचनालयं हे स्पष्ट लिहिलंय. पण त्याच नियमांत असंही आहे की चालू प्रकल्प म्हणून जो धरतात तो सुरू केलेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. म्हणजे छत होईल, रंग होईल, लाकडी जिना होईल, पण पाचव्या वर्षीचं लाइट बिल कोण भरणार? वॉचमन, सफाई, टॉयलेट, पाण्याची मोटर, विमा, वाळवीचं औषध, आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या माणसाचा पगार, हा खर्च दर महिन्याला येतो आणि त्याला कुणी फीत कापत नाही. आपल्याकडे तर पाऊस चार महिने. कोकण, गोवा, केरळमधली कौलारू छपराची, चिऱ्याच्या भिंतींची जुनी इमारत एक पावसाळा बंद ठेवली तरी आत काय होतं ते ज्यांचं गावाला घर आहे त्यांना ठाऊक आहे. नांतच्या त्या सेंटरला फ्रान्सच्या सरकारने राष्ट्रीय रंगमंचाचा दर्जा दिलाय, त्याचा अर्थ केंद्र आणि शहर दोघांकडून दरवर्षी ठरलेली मदत येते, म्हणून ते पाळणाघर आणि तो हॉल दोन्ही चालतात.

दुसरं म्हणजे परवानग्या. हे कंटाळवाणं वाटेल पण घोडं बऱ्याचदा इथेच पेंड खातं. दहा दिवसांच्या फेस्टिव्हलला सगळं तात्पुरतं चालतं, तात्पुरतं वीज कनेक्शन, जनरेटर, पोलिसांची परवानगी, फायर ब्रिगेडची एनओसी, भाड्याची टॉयलेट्स. कायमचं करायचं म्हटलं की इमारतीचा वापरच बदलतो. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये इमारतींचे गट आहेत, गोडाऊन म्हणजे एच गट, हॉस्पिटल सी गटात, शाळा बी गटात, आणि पन्नास किंवा जास्त माणसं एकत्र जमणार असतील अशी जागा डी गट. गोडाऊनमध्ये पोती असतात, माणसं नसतात, म्हणून तिथे बाहेर पडायला एकच दार असलं तरी आजवर चाललं. त्याच जागी दोनशे माणसं नाटक बघायला बसणार म्हटल्यावर दुसरा जिना लागतो, दारं बाहेरच्या बाजूला उघडावी लागतात, व्हीलचेअरसाठी रॅम्प लागतो, वायरिंग पूर्ण नवीन लागतं. महाराष्ट्रात तर दर जानेवारी आणि जुलैला लायसन्सवाल्या एजन्सीकडून आगीची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो. हे नियम बरोबरच आहेत, माणसं जळून मेलेली आपण पाहिलीत, त्यात सूट मागू नये. फक्त हे काम किती आहे हे आधी मोजावं लागतं, आणि हेरिटेज इमारतीत भिंत फोडायची परवानगी पुन्हा वेगळ्या कमिटीकडे असते ते धरून चालावं लागतं.

तिसरं, जागा कुणाची. यासाठी कोची बघा. १२ डिसेंबर २०१२ ला तिथलं बिएनाले सुरू झालं, सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघंही मुंबईच्या जेजेमध्ये शिकलेले. मुख्य जागा फोर्ट कोचीतलं अस्पिनवॉल हाउस, १८६७ मध्ये सुरू झालेल्या इंग्रज व्यापारी कंपनीची समुद्रकाठची गोदामं आणि ऑफिसं, मिरी, कॉफी, काथ्या असला व्यापार. दहा वर्षांत ही जागा जगभरातल्या कलावाल्यांच्या ओळखीची झाली, पण बिएनाले फाउंडेशनच्या मालकीची कधीच नव्हती. प्रत्येक वेळी मागून घ्यायची, साफ करायची, परत द्यायची. २०२२ मध्ये उद्घाटन ऐन वेळी १२ वरून २३ डिसेंबरला ढकलावं लागलं, कारणं बरीच होती, पाऊस होता, पैशांची चणचण होती, पण जागेचा ताबा वेळेत न मिळणं हेही त्यात होतंच. ज्या जागेवर पुढच्या वर्षी आपण असू की नाही माहीत नाही तिथे कुणी पक्कं वायरिंग का करेल? याउलट जवळच असलेलं पेप्पर हाउस बघा, तेही मिरीचं जुनं गोदामच, तिथे कॅफे, लायब्ररी आणि कलाकारांना राहून काम करायची सोय हे बिएनाले नसतानाही चाललंय. आणि एर्नाकुलमचा दरबार हॉल, तो पहिल्या बिएनालेच्या निमित्ताने दुरुस्त झाला पण तो केरळ ललितकला अकादमीचा होता म्हणून फेस्टिव्हल संपल्यावरही गॅलरीच राहिला. शहर तेच, फेस्टिव्हल तोच, पण नशीब प्रत्येक इमारतीचं वेगळं.

आता जपान, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण खेडेगावासाठी हेच उदाहरण लागू पडतं. निगाता प्रांतात तोकामाची आणि त्सुनान मिळून एचिगो-त्सुमारी म्हणतात तो डोंगराळ भाग, साधारण ७६० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या मुंबई महापालिकेपेक्षा मोठा, हिवाळ्यात माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा बर्फ, तरुण शहरात गेलेले, घरं रिकामी, शाळांना पोरं नाहीत. २००० मध्ये फ्राम कितागावा यांनी तिथे दर तीन वर्षांनी भरणारा कलामहोत्सव सुरू केला. गावकऱ्यांनी काही लगेच मिठी मारली नाही, हे कलेचं खूळ आमच्या भातशेतात कशाला असाच सूर होता. २००४ मध्ये मोठा भूकंप झाला, घरं पडली. मग फेस्टिव्हलच्या तरुण स्वयंसेवकांनी आधी ढिगारे उपसायला, घरं आवरायला हात लावला, आणि गावाशी खरं नातं तिथून जुळलं.

त्याच भूकंपात सोडून दिलेल्या १९२४ सालच्या एका गवती छपराच्या घराचं २००६ मध्ये रेस्टॉरंट झालं, जेवण गावातल्याच बायका करतात, भाजी त्यांच्याच शेतातली, चूल आणि भांडी कुंभारकाम करणाऱ्या कलाकारांनी केलेली. कलाकृती म्हणून केलेलं घर, पण तिथल्या बाईसाठी ती हक्काची नोकरी आहे. सानादा नावाच्या गावातली प्राथमिक शाळा २००५ मध्ये बंद झाली, शेवटी तीनच मुलं उरली होती. ताशिमा सेइझो या बालपुस्तकांच्या चित्रकाराने त्या शाळेत नदी-समुद्रातून वाहून आलेल्या लाकडांची त्या तीन मुलांची आणि त्यांच्या शिक्षकांची चित्रं-पुतळे उभे करून २००९ मध्ये अख्ख्या शाळेचंच चित्रपुस्तक केलं. वर्गात शिरताच ते पुस्तक सुरू होतं. बर्फाचे महिने सोडले की ते उघडं असतं, आत कॅफे आहे. म्हणजे कायमचं याचा अर्थ ३६५ दिवसच असं नाही, गावाच्या ऋतूप्रमाणे ठरवता येतं, आपल्याकडेही शेतीची कामं बघून ठरवता येईल.

आणि सांभाळतं कोण? २००८ मध्ये त्यासाठी वेगळी ना-नफा संस्था काढली, तिचं कामच दोन फेस्टिव्हलच्या मधल्या काळात या सगळ्या जागा चालवणं. माणसं कमी पडतात म्हणून २०१५ मध्ये त्यांनी बायकांची फुटबॉल टीम काढली, एफसी एचिगो-त्सुमारी, खेळाडू तिथेच राहायला येतात, खेळतात आणि बाकी वेळ म्हाताऱ्या शेतकऱ्यांना न जमणारी डोंगरउतारावरची भातखाचरं कसतात, या कलेच्या जागांवरही काम करतात. मला हे वाचून खूप बरं वाटतं, कारण इथे कला आणि शेती आणि पोटापाण्याचा प्रश्न वेगवेगळ्या खात्यांत टाकलेला नाही.

याच तोकामाचीत आपल्या ओळखीचीही एक जागा आहे. हा महोत्सव सुरू व्हायच्या कितीतरी आधी, १९८२ मध्ये, तोकिओ हासेगावा यांनी तिथल्या एका बंद शाळेत मिथिला म्युझियम काढलं, आणि डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे तिथे जाऊन राहून चित्रं काढून आलेत. पालघर जिल्ह्यातल्या पाड्यावरची रेघ जपानच्या बर्फाळ खेड्यातल्या शाळेच्या भिंतींत आहे, आणि डहाणूत मात्र त्यांच्या नावाची अशी रोज उघडी जागा असायला हवी असं मला मनापासून वाटतं. याच म्युझियममध्ये राहत असताना २००१ मध्ये गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांचा मृत्यू झाला हेही विसरता येत नाही. बोलावलेल्या कलाकाराची काळजी घेणं, तो एकटा पडत नाहीये ना हे बघणं, हेसुद्धा कायमची जागा चालवणाऱ्याच्या कामात येतं.

परत पणजीला येऊ. जुनं जीएमसी म्हणजे १८४२ पासूनच्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं कॉलेज आणि हॉस्पिटल, ते बांबोळीला गेल्यावर इमारत रिकामी. २००४ मध्ये इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला तेव्हा घाईघाईने हा सगळा परिसर दुरुस्त झाला आणि त्याच आवारात चार पडद्यांचं आयनॉक्स सिनेमागृह उभं राहिलं. नीट बघा, आयनॉक्स आजही रोज चालतं कारण तिकीट रोज विकलं जातं, जबाबदारी कुणाची ते ठरलेलं आहे. शेजारच्या जुन्या इमारतीला मात्र असं रोजचं कारण मिळालं नाही, तिला दरवर्षी डिसेंबरची वाट बघावी लागते. आणि नुसतं सरकारच्या मालकीचं असलं की झालं असंही नाही. चार्ल्स कोरियांनी केलेली कला अकादमी, गोव्यातल्या नाटकवाल्यांचं माहेर, तिथे नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. देखभाल हा विषय किती जिवावरचा आहे हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

मग प्रत्येक जागा कायमचीच करायची का? नाही, अजिबात नाही. ससून डॉक १८७५ चा, तिथे पहाटे मासळीचा लिलाव होतो, कोळणींचं आणि कोळंबी सोलणाऱ्या बायकांचं पोट त्यावर आहे. २०१७ मध्ये तिथे चित्रं लागली, २०२२ मध्ये परत लागली, आणि दोन्ही वेळा काम संपल्यावर डॉक डॉकच राहिला ते मला योग्यच वाटतं. तिथे कायमची गॅलरी झाली असती तर पुढे कॅफे, मग वासाची तक्रार, मग मासळीच हलवा अशी मागणी आली असती, जगात बऱ्याच बंदरांचं असंच झालंय. जिथे आधीच कुणाचा तरी रोजगार चालू आहे तिथे फेस्टिव्हलने पाहुण्यासारखं यावं आणि जावं. मुंबईच्या काळा घोडा फेस्टिव्हलचंही तसंच, जानेवारी-फेब्रुवारीतले नऊ दिवस रस्ता घ्यायचा आणि परत द्यायचा, त्या परिसराची देखभाल मात्र असोसिएशनने आपलं काम मानलंय.

जिथे जागा खरंच रिकामी आहे तिथे मला वाटतं सुरुवात लहान करावी. अख्खी इमारत मागू नये, तळमजल्यावरच्या दोन खोल्या मागाव्यात, पण महिन्या-महिन्याने नाही तर निदान दहा वर्षांच्या कराराने. फेस्टिव्हलला परवानगी देतानाच करारात लिहून घ्यावं की वायरिंग, टॉयलेट आणि रॅम्प तात्पुरते न करता पक्के करायचे आणि सोडून जायचे, नाहीतरी तो पैसा खर्च होतोच आणि दरवर्षी ट्रकमध्ये भरून परत जातो. आणि कमिटीवर फक्त कलाकार आणि अधिकारी नकोत, शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, रिक्षा स्टँडवालं कुणी, बचत गटाची बाई असू दे.

रोज यायचं कारण काय हे गोव्यात तरी शोधायला लांब जावं लागणार नाही. मराठी नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या मंडळांना तालमीला जागा नसते, नोकरी करून संध्याकाळी जमायचं आणि मग कधी देवळाचा सभामंडप, कधी शाळेचा वर्ग, परीक्षा आल्या की तोही बंद. तियात्र म्हणजे कोकणी नाटक करणाऱ्यांचं तेच, भजनी मंडळांचं तेच, घुमट हे मातीचं वाद्य शिकणाऱ्या पोरांचं तेच. त्यांना एसी नको, गॅलरीचे लाइट नकोत. संध्याकाळी सहा ते दहा उघडी असलेली, पंखा चालू असलेली, पाणी असलेली एक मोठी खोली आणि तिची चावी कुणाकडे आहे ते सांगणारी दारावरची एक पाटी, एवढ्यावर पुढच्या महिन्यापासून सुरू करता येईल.